गाडी उलाळ होते तेव्हा : पिकअपवरच्या राहत्या खोलीचं खरं वजन

खान्देशात नुसतं ‘कॅम्पर’ म्हटलं की एकतर डबल केबिनची पिकअप आठवते, नाहीतर लग्नाच्या मांडवातला थंड पाण्याचा जार. इथे विषय वेगळा आहे. पिकअपच्या हौद्यात बसवायची, हवी तेव्हा उतरवता येणारी राहती खोली, म्हणजे दोन माणसांची झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटरी. अशी खोली घेऊन गाडी प्रत्यक्ष निघते तेव्हा तिचं वजन किती भरतं आणि ते कोणत्या चाकांवर पडतं, एवढंच या प्रकरणात तपासलं आहे.

गाडी यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराची, दीड टनी म्हणून ओळखली जाणारी सिंगल केबिन पिकअप. नवरा-बायको दोघांना गाडीनं नर्मदा परिक्रमा करायची होती. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर अडीच हजारांच्या वर रस्ता, त्यात बिजासन घाटासारखे चढउतार आणि काठावरच्या गावांचे कच्चे रस्ते. खोली स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवली. मिस्त्रीचा शब्द होता, “नाना, साडेचारशे किलोच्या वर जाणार नाही.” आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन १,६९० आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा २,९९० किलो. म्हणजे १,३०० किलोची मुभा. त्यातून ४५० गेले तरी साडेआठशे शिल्लक. हिशोब इतका सोपा वाटला की वजनकाट्यावर जायची गरजच कुणाला दिसली नाही.

शिवाय याच गाडीनं बागेतून केळीचा जास्तीचा माल कितीदा तरी ओढला होता. हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो फसवा आहे. केळी आठ-दहा किलोमीटर जाते, हौद्यात सपाट आणि खाली बसते, संध्याकाळी उतरते. खोली महिनाभर उतरत नाही, तिचा भार उंचावर असतो आणि गाडी दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर तापलेल्या डांबरावर धावते.

पहिली मोजणी : खोली नसताना

आरसीतलं १,६९० हे कोऱ्या गाडीचं वजन, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक धरत नाहीत. म्हणून पहिलं काम एकच : गाडी आज जशी आहे तशी, डिझेलची टाकी काठोकाठ भरून, चालकासह काट्यावर घालायची. पुढच्या प्रत्येक मोजणीला तोच चालक आणि तेवढंच डिझेल ठेवायचं. डिझेल लिटरला साधारण ०.८३ किलो भरतं. एकदा टाकी भरलेली आणि एकदा अर्धी असली, तर पंचवीसेक किलोंचा फरक उगाच घुसतो.

काट्यावर १,८६० आले. चालकाचे ८० वजा केले तरी आरसीपेक्षा ९० जास्त. पुढचा लोखंडी गार्ड ३२, केबिनवरचा कॅरिअर २४, मागच्या चाकांवरच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) वाढवलेले दोन पाटे १७ किलो. उरलेलं म्हणजे साखळी, दोर, हत्यारं आणि हौद्याच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षं वाळून बसलेला चिखल. हे ९० किलो कुणाच्याही हिशोबात नव्हते. खरी मुभा निघाली २,९९० वजा १,८६०, म्हणजे १,१३० किलो.

काट्यावर कसं उभं राहायचं

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे काट्यांची वाण नाही. डाळ मिल, जिनिंग, बाजार समिती, एमआयडीसी, सगळीकडे आहेत. पण हे काटे मोठ्या ट्रकांसाठी असतात आणि बहुतेकांचा आकडा दहा-दहा किलोंनी सरकतो. तीन टनांच्या गाडीला तो चालतो. फक्त दहा-वीस किलोंच्या फरकावर वाद घालू नये आणि एखादा डबा ठेवून-काढून मोजू नये. वैधमापनाचा मुदतीतला शिक्का आहे का हे पाहावं. कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती काट्यावर साचते, म्हणून गाडी चढवण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. सकाळी लवकर जावं, कारण मागे ट्रकांची रांग लागली की काटेवाला तीन वेळा मोजू देत नाही.

तीन मोजण्या लागतात. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, आणि ब्रेकवरचा पाय काढून दोन-चार सेकंद थांबायचं. चाकांना ठोकळे लावायचे असतील तर काट्याबाहेरच्या चाकांना सैल लावावेत. पुढचं आणि मागचं मिळून येणारी बेरीज पूर्ण वजनाशी वीस किलोंच्या आत जुळली तरच मोजणी धरायची.

या प्रकरणात सामानासकट केलेली पहिली मोजणी इथेच फसली. पुढचं १,०४०, मागचं २,२९०, बेरीज ३,३३०, आणि पूर्ण गाडी मात्र ३,२६०. सत्तर किलोंची तफावत. कारणं दोन सापडली. हँडब्रेक ओढलेला होता, त्यामुळे चाकं आणि पाटे ताणात अडकून राहिले. दुसरं, काट्याच्या दोन्ही टोकांना उतार होता. एक ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, काट्यावर आणि दुसरा उतारावर असला की गाडी तिरपी होते आणि वरचा भार सरकतो. खोली उंच असल्यामुळे हा सरकाव साध्या मालगाडीपेक्षा जास्त. जमिनीच्या पातळीत बसवलेला दुसरा काटा शोधून पुन्हा मोजलं : पुढे १,०१०, मागे २,२५०, एकूण ३,२६०. हे जुळलं.

मिस्त्री खोटं बोलला नव्हता

रिकामी खोली चढवून गाडी २,५५० भरली. म्हणजे खोली ६९० किलोंची, सांगितल्यापेक्षा २४० जास्त. इथे मिस्त्रीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण हिशोब उलगडला की दुसरंच दिसतं.

सांगाड्याला ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप ५८ मीटर लागला. त्याचा मीटर २.४ किलोंचा, म्हणजे १३९ किलो. २५ बाय २५ चा ३४ मीटर, ४९ किलो. बाहेरचा पत्रा २५ चौरस मीटर. मिस्त्रीनं ०.८ मिलिमीटरचा धरला होता, तो १५७ किलो होतो. आतून ६ मिलिमीटरचा प्लाय, ८६ किलो. ही बेरीज ४३१. साडेचारशेचा शब्द इथून आला होता आणि तो त्याच्या स्वतःच्या कामापुरता बरोबर होता.

मग काय वाढलं? दुकानात ०.८ चा पत्रा नव्हता, १ मिलिमीटरचा बसवला : १९६ किलो, म्हणजे ३९ जास्त. त्यानंतर सुतार आला. पलंग, कपाट आणि ओट्यासाठी १८ मिलिमीटरच्या प्लायचे आठ बाय चारचे चार ताव लागले, एकेक ३५ किलोंचा, मिळून १४०. दार, खिडक्या आणि बिजागऱ्या ३५, थर्माकोल १०. सनमायका, रंग, स्क्रू, वायरिंग यांचे तीसेक किलो. सुताराच्या कामाचं वजन मिस्त्रीनं धरलं नाही, सुतारानं सांगितलं नाही आणि मालकानं विचारलं नाही. अशा खोल्यांमध्ये वजन बहुतेक वेळा या दोन कारागिरांच्या मधल्या फटीतून आत येतं. म्हणून सांगाडा झाला की एकदा आणि सुतारकाम झालं की एकदा, असं दोनदा काट्यावर न्यावं. फक्त शेवटी मोजलं तर काय काढायचं हे कळतं, पण तोवर सगळं सनमायक्याखाली चिकटलेलं असतं.

घरची यादी आणि काट्याचा आकडा

मुभा आता ४४० उरली होती. घरी सामानाची यादी केली होती, तिची बेरीज ६०६. ती बेरीजच मर्यादेबाहेर होती, पण तेव्हा हातात साडेआठशेचा भ्रम होता. सगळं सामान भरून, दोघं बसून काट्यावर वाढले ७१०.

यादीत पाण्याची टाकी २००, दुसरं माणूस ६५, इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी ५८, भरलेलं १४.२ किलोचं गॅस सिलिंडर रिकाम्या टाकीच्या वजनासह ३०, छोटा फ्रिज ३०, सोलर पॅनल २२, कपडे-अंथरूण ५५, शिधा ४५, भांडी ३८ वगैरे होतं. भांड्यांच्या ३८ मध्ये बिडाची कढई आणि दगडी खल होता. मिरच्यांचा ठेचा मिक्सरात होत नाही ही गोष्ट खरी, पण नुसता खल आणि कढई मिळून १२ किलो भरले. यादीतून सुटलं ते असं : वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, ४४ किलो, दुसरी स्टेपनी, २२, बाहेर ओढायची लोखंडी दांड्यांची सावली, २०. हे ८६ झाले. उरलेले १८ म्हणजे चार्जर, चपला, पूजेचं साहित्य, आणि काट्याची दहाची पायरी.

माणसं घरच्या यादीत घन वस्तू लिहितात आणि पाणी विसरतात. इथे टाकी लिहिली, पण जार सुटले. एक लिटर पाणी एक किलो, त्यात सूट नाही. टाकीवर २०० छापलेलं असेल तर ती भरली की २०० किलो.

खरा बिघाड मागच्या चाकांवर

एकूण वजन ३,२६०, मर्यादेपेक्षा २७० जास्त. यावरच थांबलं असतं तर २७० किलो काढून गाडी ‘कायद्यात’ आणली असती आणि तरीही ती धोकादायक राहिली असती.

रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकांवर १,०२० किलो होते. १,४०० किलो चढवल्यावर तिथे १,०१०. गाडीवर चौदाशे किलो वाढले आणि पुढची चाकं दहा किलोंनी हलकी झाली. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माल आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागतं. पिकअपला जू नाही, तिथे स्टिअरिंग हलकं पडतं. वळणावर गाडी फिरवल्याइतकी फिरत नाही, ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांना पकड मिळत नाही. घाट उतरताना नेमकी हीच पकड हवी असते.

हा भार काढायचं गणित सोपं आहे. वस्तूचं वजन गुणिले पुढच्या ॲक्सलपासून तिचं अंतर, भागिले दोन ॲक्सलमधलं अंतर. उत्तर येतं तो मागच्या ॲक्सलवरचा वाटा, उरलेला पुढचा. या गाडीत दोन ॲक्सलमध्ये ३ मीटर. पाण्याची टाकी मिस्त्रीनं हौद्याच्या मागच्या फाळक्याला लागून बसवली होती, कारण बाहेरून पाइप लावून भरायला ती जागा सोयीची. तिचं पुढच्या ॲक्सलपासून अंतर ४.२ मीटर. २०० गुणिले ४.२ भागिले ३, म्हणजे २८०. टाकी २०० किलोंची, मागच्या चाकांवर भार २८० आणि पुढची चाकं ८० किलोंनी वर उचललेली. एका चुकीच्या जागेनं ८० किलो जादा भार फुकट निर्माण केला.

रिकाम्या खोलीचा तोलही काट्याच्या आकड्यांवरूनच निघतो. खोली चढवल्यावर मागचं वजन ८४० वरून १,४८० आणि पुढचं १,०२० वरून १,०७० झालं. ६९० पैकी ६४० मागे, म्हणून खोलीचा मध्य पुढच्या ॲक्सलपासून सुमारे २.८ मीटरवर, मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे. म्हणजे खोली योग्य जागी होती. केबिनवर पुढे आलेल्या झोपायच्या भागानं तोल पुढे आणला होता. बिघडवलं ते सामानानं.

आता मर्यादा. कंपनीच्या पाटीवर मागच्या ॲक्सलची क्षमता १,९५० होती. पण टायरच्या कडेवर १०६/१०४ असा आकडा होता. १०६ म्हणजे एकेरी टायरला ९५० किलो. १०४ म्हणजे जोडटायर असेल तर प्रत्येकाला ९००. या गाडीला मागे एकेकच टायर, तेव्हा दोन्ही मिळून १,९००. ॲक्सल, टायर, रिम, पाटे यांत ज्याची क्षमता सर्वात कमी, ती गाडीची मर्यादा. प्रत्यक्ष भार २,२५०. एकेका टायरवर ९५० च्या जागी ११२५.

आणि हे बाहेरून दिसत नव्हतं. मागे वाढवलेल्या दोन पाट्यांमुळे गाडी बसलेली वाटत नव्हती. पाटे वाढवायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण पाटा वाढवून टायरची ताकद वाढत नाही, ब्रेकची नाही आणि आरसीतला आकडाही नाही. वाढतो तो फक्त डोळ्यांचा विश्वास. जास्त भारानं टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दुमडते आणि आतून तापते. भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा आधीच तापलेल्या रस्त्यावर या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. हवा सकाळी टायर थंड असताना, पूर्ण भारासाठी कंपनीनं दिलेल्या आकड्याइतकी भरावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून सोडू नये, कारण संध्याकाळी तो टायर कमी हवेचा होतो.

काय काढलं, काय हलवलं

पहिला हात टाकीला घातला. २०० ची काढून ९० लिटरची, केबिनच्या पाठीला लागून, पुढच्या ॲक्सलपासून २.१ मीटरवर. परिक्रमेत पाणी रोज मिळतं, तीन दिवसांचं सोबत नेण्याचं कारण नव्हतं. या एका बदलानं मागच्या चाकांवरून २१७ किलो उतरले.

ट्युब्युलर बॅटरीच्या जागी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, १३ किलोंची. वापरता येणारी वीज जवळपास तेवढीच राहिली, कारण शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली तर लवकर मरते. खर्च मात्र इथेच सर्वात जास्त आला. पलंग, कपाट आणि ओट्याचा १८ मिलिमीटरचा प्लाय काढून १२ चा टाकला, खाली पाइपचा आधार आधीच होता : ४८ किलो. मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचं, १७ किलो कमी. एक जार, दुसरी स्टेपनी, केबिनवरचा कॅरिअर गेला. लोखंडी सावलीऐवजी ताडपत्री आली. शिधा आणि कपड्यांतून पंधरा-पंधरा. खल आणि कढई घरी राहिली.

पुढच्या गार्डवर थोडं अडलं. तो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असल्यामुळे काढल्यावर पुढची चाकं ३२ नाही, ३८ किलोंनी हलकी होतात, आणि आपल्याला तर ती जड करायची होती. तरी काढला. असले गार्ड नियमबाह्य आहेत, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. शिवाय पुढे लोखंड टांगून तोल साधणं म्हणजे एका चुकीवर दुसरी लादणं. ती भर बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज आणि शिध्याचे डबे मिळून ८५ किलो सामान ९० सेंटिमीटर पुढे सरकवून काढली.

एकूण ३७७ किलो उतरले. काट्यावर पूर्ण गाडी २,८८०, पुढे १,१००, मागे १,७९०. दोन्हींची बेरीज २,८९० होते, तो दहाचा फरक काट्याच्या पायरीचा. आरसीच्या मर्यादेखाली ११०, मागच्या टायरांच्या मर्यादेखालीही ११०. पुढच्या चाकांवरचा वाटा ३१ टक्क्यांवरून ३८ वर आला.

मग डावी-उजवी बाजू. एका बाजूची दोन्ही चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर, यासाठी काट्याला कठडा नसलेला आणि शेजारची जमीन समतल असलेला काटा लागतो. मिळाला. डावीकडे १,५००, उजवीकडे १,३८०. ओटा, फ्रिज, सिलिंडर, बॅटरी सगळं डाव्या भिंतीला होतं. मागचे १,७९० समान वाटले तर एका टायरवर ८९५, म्हणजे प्रत्येकी ५५ चीच सवलत. एवढ्या कलानं डावा मागचा टायर तिच्यातली बरीचशी खाऊन टाकत होता. बॅटरी, इन्व्हर्टर आणि शिधा उजवीकडे नेला. ५५ किलो बाजू बदलल्यावर फरक ११० नं मिटला.

कागदांबद्दल

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार, वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. खोली वेल्डिंगनं किंवा कायमच्या बोल्टांनी जोडली तर तो कलम ५२ खालचा बदल होतो, आणि त्यासाठी आधी आरटीओ गाठावं लागतं. या गाडीत खोली हौद्याच्या कड्यांना टर्नबकलनं, म्हणजे फिरवून आवळायच्या आणि सोडवता येणाऱ्या हुकांनी, ताणून बांधली होती. चालत्या गाडीत मागे खोलीत कुणीही बसायचं नाही, आरसीत जेवढ्या सीट तेवढीच माणसं केबिनमध्ये. मागे बसलेलं माणूस म्हणजे साठ-सत्तर किलोंचं न बांधलेलं सामान.

शेवटची एक मोजणी बहुतेक लोक करत नाहीत, ती सांडपाण्याची. पाणी वापरलं म्हणून गाडीतून जात नाही, चांगल्या टाकीतून सांडपाण्याच्या टाकीत जातं. इथे ती टाकी ४० लिटरची आणि फाळक्याशी, ४.२ मीटरवर. दिवसभराच्या वापरानं ४० किलो २.१ मीटर मागे सरकतात आणि एकूण वजन तेवढंच राहून मागच्या चाकांवर २८ किलो वाढतात. १,७९० चे १,८१८. मर्यादेत बसतं, पण ११० ची सवलत ८२ वर येते. म्हणून ही टाकी मुक्कामावर योग्य जागी रिकामी करूनच गाडी हलवायची, असं ठरलं. तीनही काटा-चिठ्ठ्या आरसीच्या पाकिटात ठेवल्या आणि प्रत्येकीच्या मागे त्या दिवशीचं डिझेल, पाणी आणि माणसं लिहून ठेवली.